अर्ध्या बादलीत पुसला जाणारा जिना : सोलापुरातील सोसायट्यांच्या कार्यकारिणींना खुले पत्र

प्रति,
अध्यक्ष, सचिव, खजिनदार आणि कार्यकारिणी सदस्य,
सोलापुरातील सर्व सहकारी गृहनिर्माण संस्था आणि अपार्टमेंट

विषय : जिने, पार्किंग व सामाईक स्वच्छतागृहे धुण्यासाठी घेतल्या जाणाऱ्या फिनेल, ॲसिड व तत्सम वस्तूंबाबत

सप्रेम नमस्कार.

गेल्या जानेवारीतली गोष्ट. सिद्धेश्वरांच्या यात्रेतला अक्षता सोहळा दुसऱ्या दिवसावर आला होता. घरोघरी पाहुणे येणार म्हणून आमच्या जुळे सोलापुरातल्या इमारतीचा जिना तळापासून गच्चीपर्यंत काळ्या फिनेलने पुसून घेतला गेला. दुपारी आमची ठमी, चार वर्षांची मांजरी, रोजच्यासारखी खालच्या मजल्यावरच्या आजींकडे जाऊन आली. ओल्या पायऱ्यांवरून गेली, ओल्या पायऱ्यांवरूनच परतली आणि उंबऱ्याशी बसून पंजे चाटू लागली. मांजर दिवसभर तेच करते, त्यामुळे माझे लक्ष गेले नाही. तासाभराने तिच्या तोंडातून लाळेची तार लागली. संध्याकाळपर्यंत तिला उभे राहवेना, मागचे पाय थरथरत होते. डॉक्टरांनी तिचे तोंड उघडून दाखवले, तेव्हा जिभेच्या कडा भाजल्यासारख्या पांढऱ्या पडलेल्या होत्या. त्यांनी तिच्या पंज्यांचा वास घेतला आणि विचारले, "घरात फिनेल कुठले वापरता?"

घरात आम्ही फिनेल वापरत नाही. जिन्यात वापरतो. ते आणण्याचा निर्णय कार्यकारिणी घेते, आमच्याच देखभाल खर्चातून आणि आमच्याच भल्यासाठी. म्हणून हे पत्र तुम्हाला लिहिते आहे.

ठमी वाचली. सहा दिवस सलाईन झाले, नंतर पंधरा दिवस तिला सिरिंजने पातळ पेज भरवली. मी गेली सत्तावीस वर्षे इथल्याच एका महाविद्यालयात रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत सहायक आहे. फिनॉलच्या बाटलीला हात लावण्याआधी हातमोजे घाला, म्हणून दरवर्षी नव्या मुलांना बजावते. त्याच कुळातली द्रव्ये माझ्या दारासमोरच्या पायरीवर रोज ओतली जातात, हे मांजर आजारी पडेपर्यंत माझ्या ध्यानात आले नाही, याची खंत मला आहे. तेव्हा जे माझ्याकडून राहिले ते तुमच्याकडून राहिले, तर मी तुम्हाला कोणत्या तोंडाने दोष देऊ? पण आता कळले आहे, तर गप्प बसवत नाही.

काळे फिनेल म्हणजे काय, ते आधी सांगते. दगडी कोळशापासून कोक करताना डांबर निघते. त्या डांबरातून क्रेसॉल, झायलेनॉल अशी फिनॉलच्या घराण्यातली द्रव्ये मिळतात. ती साबणात मिसळून काळे फिनेल तयार होते. पाण्यात टाकल्यावर जो दुधाळ ढग उठतो, तो याच तेलकट द्रव्यांचा. जंतू मारण्यात ती खरोखर प्रभावी आहेत. पण जंतूची पेशी आणि जिभेची पेशी असा फरक ती करत नाहीत. पांढरे फिनेल बहुधा पाइन तेलाचे असते. ते काळ्यापेक्षा सौम्य म्हणून विकले जाते, पण पाइन तेलही मांजराला चालत नाही.

मांजरालाच एवढे का बाधते, हा प्रश्न मला अनेकांनी विचारला. माणसाच्या किंवा कुत्र्याच्या यकृतात अशा द्रव्यांना ग्लुकुरोनिक आम्लाची जोड देऊन ती लघवीवाटे बाहेर टाकण्याची सोय असते. मांजरात त्यासाठी लागणारे एक विकर (एन्झाइम) तयार करणारे जनुक निकामी झालेले आहे. नुसत्या घरमांजरात नाही, तर वाघ-सिंहांसकट साऱ्या मार्जार कुळात. त्यामुळे आपल्याला किरकोळ वाटणारी मात्रा तिच्या अंगात साठून राहते. (याच कारणाने पॅरासिटामॉलची एक गोळीसुद्धा मांजराचा जीव घेऊ शकते. कणकण वाटते म्हणून मांजराला माणसाचे औषध कधीही देऊ नका. विषय निघाला आहे म्हणून हे सांगून ठेवते.)

कुत्र्यांचे यकृत हे काम करते, तरी तीही पंजे चाटतात, जमीन हुंगतात आणि साचलेले पाणी पितात. पार्किंगमध्ये वॉचमनकाकांच्या पायाशी झोपणारा कुत्रा सगळी दुपार त्याच फरशीला पोट टेकून असतो. आणि रांगणारे मूल? हात फरशीवर, मग हात तोंडात. आमच्याच इमारतीत दीड वर्षाच्या आतली दोन बाळे आहेत. मांजर पहिल्यांदा आजारी पडले, कारण ते सगळ्यांत नाजूक होते.

आता आपल्या गावाची अडचण सांगते. बाटलीवर लिहिलेले असते, 'नंतर भरपूर पाण्याने धुवा.' भरपूर पाणी! उजनीचे पाणी शंभराहून अधिक किलोमीटर नळातून येते, आणि वर्षानुवर्षे आपण चार-पाच दिवसांआड येणाऱ्या पाण्याच्या वेळा भिंतीवर लिहून संसार केला आहे. हौद भरायचा, पिंपे भरायची, मग कपडे, मग भांडी. जिन्याच्या वाट्याला येते अर्धी बादली, तीही बोअरची. त्या अर्ध्या बादलीत मावशी फिनेल ओततात, चार मजले पुसतात, आणि वरून साध्या पाण्याचा हात फिरत नाही. फिरणार कसा? शेवटच्या मजल्यापर्यंत त्या पाण्याचा काढा झालेला असतो. पाणी उडून जाते आणि तेलकट थर पायरीवर राहतो. पुन्हा दुसऱ्या दिवशी त्यावर नवा थर. मे महिन्यात पारा त्रेचाळीसच्या पुढे गेला की बंद जिन्यात तोच थर वास होऊन वर उठतो. धुऊन टाकावी लागेल अशी वस्तू ज्या गावात धुऊन टाकायला पाणी नाही त्या गावात वापरणे, हेच मुळात चुकते आहे. माझे सगळे म्हणणे याच एका गोष्टीवर उभे आहे. आपल्याला अशी वस्तू हवी, जी मागे थोडी राहिली तरी कुणाच्या जिवावर बेतणार नाही.

ठमी घरी आल्यावर मी मावशींशी बोलले. त्या पूर्व भागातून येतात आणि सकाळी अकरापर्यंत तीन इमारतींचे जिने पुसतात. त्यांना म्हटले, फिनेल थोडे कमी टाकत जा ना. त्या म्हणाल्या, "मी कमीच टाकत होते की ओ. पण वास आला न्हाई तर जिना पुसलाच न्हाई म्हणतेत." मग त्यांनी आपले हात पुढे केले. बोटांच्या पेरांवर भेगा होत्या, नखांच्या मुळाशी कातडी सोललेली होती. मी हे हात तीन वर्षे रोज बघत होते.

त्या एका वाक्यात सगळे आले. आपण स्वच्छता विकत घेत नाही, वास विकत घेतो. आणि पुसल्याचा पुरावा म्हणून तो वास मावशींकडे मागतो. ही सवय जुनी आहे. जोसेफ लिस्टरने १८६५ साली शस्त्रक्रियेच्या जखमांवर कार्बोलिक आम्ल, म्हणजे फिनॉल, वापरायला सुरुवात केली आणि रुग्णालयाचा वास म्हणजे जंतूंपासून मुक्ती, असे समीकरण जगभर झाले. मुंबईत १८९६ मध्ये प्लेग आला, तेव्हा घरे, गटारे, रस्ते कार्बोलिकने धुऊन काढले गेले. प्लेग उंदरांवरच्या पिसवांमधून पसरतो, हे दोन वर्षांनी उलगडले. तोवर कार्बोलिकचे पिंपांवर पिंप ओतून झाले होते. रोग थांबला नाही, पण 'वास येतो म्हणजे सरकार काहीतरी करते आहे' हा दिलासा लोकांच्या मनात राहिला असावा, असे मला वाटते. तो दिलासा आपल्या जिन्यापर्यंत आला आहे.

ॲसिडचा विषय वेगळा आणि जास्त तातडीचा आहे. बोअरच्या पाण्याने नळांवर, टाइल्सवर पांढरे क्षार बसतात, त्यामुळे सोलापुरात ॲसिडला मागणी कायमची. दुचाकीवर कॅन लावून येणाऱ्याकडून आपण ते कोल्ड्रिंकच्या जुन्या बाटल्यांमध्ये भरून घेतो. त्यावर नाव नाही, तीव्रता नाही, इशारा नाही. त्यातच शेजारी ब्लीचची बाटली ठेवलेली असते. आमच्या तळमजल्यावरच्या स्वच्छतागृहात दोन वर्षांपूर्वी मावशींनी आधी ब्लीच टाकले आणि डाग निघेना म्हणून वरून ॲसिड ओतले. त्या खोकत, डोळे चोळत बाहेर आल्या, म्हणून निभावले. ब्लीच आणि ॲसिड एकत्र आले की क्लोरीन वायू सुटतो. पहिल्या महायुद्धात खंदकांमध्ये सोडलेला तो हाच. दारे-खिडक्या बंद असलेल्या सहा बाय चारच्या खोलीत त्याला माणूस मारायला फार मात्रा लागत नाही. ब्लीच आणि अमोनिया एकत्र आले तर क्लोरामाइन तयार होते, आणि जनावराच्या लघवीत अमोनिया असतोच. म्हणजे कुत्र्याने पार्किंगमध्ये घाण केली म्हणून तिच्यावर थेट ब्लीच ओतणे हेही चूकच. आधी कागदाने किंवा मातीने टिपून घ्या, साध्या पाण्याने पुसा, मग पुढचे.

ॲसिडने आणखी एक नुकसान होते, ज्याकडे फरशी बसवणारे सोडले तर कुणाचे लक्ष नसते. आपल्याकडच्या जुन्या वाड्यांत आणि कितीतरी इमारतींच्या जिन्यांत शहाबादी फरशी आहे. ती शेजारच्या कलबुर्गी जिल्ह्यातून येते आणि ती चुनखडीची आहे. कडप्पा, कोटा, संगमरवर हेही चुन्याच्याच कुळातले. त्यावर ॲसिड टाकले की जो फेस येतो, तो मळ निघण्याचा नसतो, फरशी विरघळण्याचा असतो. पृष्ठभाग खरखरीत होतो, त्यात मळ जास्त धरतो, मग आणखी ॲसिड. लिंबू, व्हिनेगर यांचाही या फरशीवर तोच परिणाम, फक्त सावकाश. 'घरगुती म्हणजे निर्धोक' असे समजून शहाबादीवर व्हिनेगर मारणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावे.

इथे मला त्या बाजूलाही थोडे खडसवायचे आहे, जिच्याशी माझे जास्त जमते. फिनेल नको म्हटले की लोक लगेच 'हर्बल' बाटली आणतात. आमच्याकडेही कार्यकारिणीने माझ्या तक्रारीनंतर मोठ्या मनाने हिरव्या पानांचे चित्र असलेला कॅन आणला. वास निलगिरी आणि गवती चहाचा. पण निलगिरी, टी ट्री, पाइन, सिट्रोनेला, संत्र्याच्या सालीचे तेल, ही सगळी दाट सुवासिक तेले मांजराच्या यकृताला तशीच जड जातात. गोमूत्र आणि कडुनिंबाच्या नावाने विकल्या जाणाऱ्या फिनेलमध्येही पुष्कळदा पाइन तेल असते. पुसायच्या पाण्यात कापूर टाकण्याची पद्धत आहे, तोही कुत्र्या-मांजरांना विषारी. नहाणीच्या जाळीवर ठेवलेल्या डांबरगोळ्या तर सगळ्यांत वाईट. नॅप्थलीन पोटात गेले तर रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात. लहान मुलांनी त्या गोळ्या पेपरमिंट समजून तोंडात घातल्याचे प्रकार होतात. आमच्या आजीच्या काळचा रिठासुद्धा दाट काढा करून तळ्यात ओतला तर मासे मरतात. झाडातून आले की डांबरातून आले, यापेक्षा किती आहे, कुठे राहणार आहे आणि कोण चाटणार आहे, हे विचारायला हवे.

बाटली विकत घेताना काय बघायचे? पूर्ण घटक छापलेली बाटली फार थोड्या ठिकाणी मिळते. पण जी कंपनी घटक लिहिते, ती निदान लपवत नाही. बेंझाल्कोनियम क्लोराइड असे दिसले, तर ते जंतुनाशक आहे आणि मांजराच्या जिभेवर त्यानेही फोड येतात, हे ध्यानात ठेवा. केंद्र सरकारची इकोमार्क ही योजना १९९१ पासून आहे, मातीचे मडके हे तिचे चिन्ह होते, आणि २०२४ मध्ये तिचे नवे नियम आले. साबण आणि डिटर्जंटसाठी ही सोय असताना दुकानात मला तो शिक्का शोधून सापडला नाही. आपण सगळ्या सोसायट्यांनी मिळून घाऊक दुकानदाराकडे मागितला तर तो आणेल. ऑक्टोबर २०२४ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने पर्यावरणाच्या नावाने फसव्या जाहिराती करण्याविरुद्ध मार्गदर्शक सूचना काढल्या. 'इको-फ्रेंडली', 'ग्रीन' असे मोघम शब्द वापरायचे तर आधार द्यावा लागेल, असे त्यात म्हटले आहे. तेव्हा 'पाळीव प्राण्यांसाठी सुरक्षित' असे लिहिलेला कॅन विकायला माणूस आला, तर कशाच्या आधारावर, हे त्याला सचिवांनी विचारायला हरकत नाही. तो आपला हक्क आहे.

आता आम्ही काय केले ते सांगते. फेब्रुवारीपासून दुसरा आणि तिसरा मजला, शेजाऱ्यांच्या संमतीने, आम्ही वेगळ्या पद्धतीने पुसायला लागलो. आधी कोरडे झाडणे, नीट, कोपरे काढून. सोलापूरची धूळ जिन्यातल्या निम्म्याहून जास्त घाणीला कारण आहे आणि तिच्यावर थेट ओले फडके फिरवले की तिचा चिखल होतो. मग अर्ध्या बादली पाण्यात एक चमचा भांडी घासायचे सौम्य लिक्विड, बिनवासाचे मिळाले तर उत्तम. मायक्रोफायबरचे फडके घट्ट पिळून एक हात, आणि एका मजल्यानंतर फडके दुसऱ्या पाण्यात खळबळून घ्यायचे. एवढेच. काही आठवडे आम्ही रिठेही वापरून बघितले. दहा-बारा रिठे रात्री भिजवून सकाळी उकळायचे आणि गाळून त्यातले वाटीभर बादलीत घालायचे. बोअरच्या जड पाण्यात साबणाची साय धरते आणि फरशी चिकट होते, रिठ्याला मात्र तिथेही फेस येतो. पण उन्हाळ्यात तो काढा दोन दिवसांत आंबतो आणि डोळ्यांत गेला तर झोंबतो. मावशींना रोज कोण उकळून देणार? म्हणून लिक्विडवरच थांबलो.

नळांच्या क्षारांसाठी बाजारात किराणा दुकानात मिळणारे लिंबूसत्त्व वापरले. लिटरभर पाण्यात दोन चमचे, फडके भिजवून नळाला अर्धा तास गुंडाळून ठेवायचे आणि मग घासायचे. फक्त स्टील आणि चिनी मातीच्या टाइल्सवर, शहाबादीवर अजिबात नाही. जिन्याच्या कोपऱ्यातल्या माव्याच्या पिचकाऱ्यांना खाण्याच्या सोड्याचा ओला लगदा लावून ब्रशने घासले, बऱ्याच निघाल्या. (सोडा आणि व्हिनेगर एकत्र करून फसफसवण्याचे व्हिडिओ सगळीकडे फिरतात. ती दोघे एकमेकांना निष्प्रभ करतात. फेस बघायला छान वाटतो, साफ काही होत नाही.) पहिल्या मजल्यावरच्या ताईंनी गूळ एक भाग, फळांच्या साली तीन भाग, पाणी दहा भाग असे तीन महिने मुरवून बायो-एन्झाइम केले. स्वच्छतागृहाच्या टाइल्सला ते चांगले आहे. पण तेही आंबट असते, म्हणून शहाबादीपासून दूर. आणि पहिला महिना झाकण रोज सैल करा, नाहीतर बाटली फुटते.

महिन्याभरात खरा बदल आम्हाला वासात जाणवला. जिन्यात वास उरला नाही. चौथ्या मजल्यावरच्या काकांनी आधी तक्रार केली की स्वच्छ वाटत नाही. मग एक दिवस मी त्यांना पांढरा रुमाल घेऊन वरच्या आणि आमच्या पायऱ्या पुसायला सांगितले. त्यांच्या मजल्यावर, फिनेलच्या पायरीवर, रुमालाला चिकट करडा पट्टा आला. आमच्याकडे जवळजवळ काही नाही. ते काही बोलले नाहीत, पण एप्रिलपासून चौथा मजलाही आमच्यात आला.

जंतूंचे काय, हा प्रश्न रास्त आहे. रोजच्या जिन्याला जंतुनाशक लागत नाही. साबणाचे पाणी आणि फडके मळाबरोबर बहुतेक जंतू उचलून नेतात, आणि मळावर ओतलेले जंतुनाशक तसेही वाया जाते. पण काही वेळा खरेच लागते. पार्किंगमधल्या पिल्लाला पार्व्हो, म्हणजे कुत्र्यांचा विषाणूजन्य आजार, झाला, तर त्या विषाणूला फिनेल किंवा साधे सुवासिक फ्लोअर क्लीनर पुरे पडत नाही. तेव्हा ब्लीचच हवे. बाजारातले साधे ब्लीच एका भागाला तीस भाग पाणी, घाण आधी काढून टाकलेल्या फरशीवर दहा मिनिटे, मग धुऊन वाळेपर्यंत कुणाला त्यावर जाऊ न देणे. त्या एका दिवसासाठी पाण्याची दुसरी बादली काढावी लागली तर काढावी. ब्लीचची बाटली गच्चीवर उन्हात ठेवू नका. आपल्या उन्हाने त्याचा जोर उतरतो आणि मग लोक दुप्पट ओततात.

फिनेलने साप येत नाहीत, हे मी होटगी रोडपासून विजापूर रोडपर्यंत सगळीकडे ऐकले आहे. गावाच्या कडेच्या नव्या वसाहतींमध्ये साप निघतात, भीती खरी आहे. पण साप उंदरांमागे येतात आणि उंदीर आपल्या कचऱ्यामागे. कंपाउंडच्या कडेने फिनेलची रेघ ओढण्यापेक्षा डक्टमधले पडके सामान आणि ओल्या कचऱ्याचे उघडे डबे हलवले तर जास्त उपयोग होईल. आणि भटकी कुत्री बसू नयेत म्हणून फाटकाशी फिनेल किंवा ॲसिड ओतणे, हे कुठल्याही कारणाने समर्थनीय नाही. मला त्याबद्दल याहून सौम्य लिहिता येत नाही.

जिना पुसून उरलेले ते पाणी जाते कुठे? ज्या सोसायट्यांना अजून सेप्टिक टँक आहे, आमच्या सोसायटीला आहे, तिथे ते टाकीत जाते आणि घाण कुजवणारे जिवाणू मारते. टाकी लवकर भरते, वास येतो, म्हणून आपण नहाणीत आणखी फिनेल टाकतो. ड्रेनेज असेल तर ते नाल्यातून सीनेला आणि सीनेतून हत्तरसंग कुडलला भीमेत. पुण्याचे सांडपाणी उजनीत येते म्हणून आपण वर्षानुवर्षे बोलतो, आणि योग्यच बोलतो. मग कुडलच्या खालच्या गावांनी आपल्याबद्दल काय बोलावे?

माझ्या मागण्या थोड्या आहेत. सामाईक जागांसाठी काळे फिनेल आणि सुटे ॲसिड घेणे बंद करा. नाव, घटक आणि तीव्रता न लिहिलेल्या बाटलीचे बिल खजिनदारांनी मंजूर करू नये. जंतुनाशक मारायचेच असेल, तर आदल्या दिवशी फलकावर आणि व्हॉट्सॲप गटात वेळ कळवा, म्हणजे ज्यांच्याकडे जनावरे आणि लहान मुले आहेत ते दार लावून घेतील. ब्लीच आणि ॲसिड एका कपाटात ठेवू नका. मावशींना हातमोजे द्या, आणि ते कसे घालायचे, काय कशात मिसळायचे नाही, हे त्यांच्या भाषेत, तेलुगू असेल तर तेलुगूत, कन्नड असेल तर कन्नडमध्ये, समोर बसून सांगा. आणि वास आला नाही म्हणून त्यांच्यावर ओरडू नका. तुमच्या सभेच्या इतिवृत्तात या शेवटच्या ओळीची नोंद झाली, तर मला बाकी सगळ्यांपेक्षा जास्त आनंद होईल.

ज्यांच्या घरी मांजर-कुत्रे आहे त्यांच्यासाठी एवढे लिहून ठेवते. अंगाला किंवा पंज्यांना फिनेल लागले असे वाटले, तर आधी त्याला चाटू देऊ नका, टॉवेलात गुंडाळा. हातमोजे घालून कोमट पाणी आणि सौम्य साबणाने पंजे, पोट धुवा. उलटी करवू नका, दूध-तूप पाजू नका. बाटली किंवा तिच्या लेबलचा फोटो घेऊन लगेच डॉक्टरांकडे जा. मी फोटो नेला नव्हता, कारण बाटलीवर लेबलच नव्हते, आणि काय द्यावे हे ठरवण्यात डॉक्टरांचा तेवढा वेळ गेला.

तुमच्यापैकी कुणाला आमचे दोन-तीन मजले बघायचे असतील, तर आमच्या सचिवांना सांगून कोणत्याही रविवारी सकाळी या. लिक्विडचे प्रमाण, फडकी, महिन्याचा खर्च वहीत लिहून ठेवला आहे, वही दाखवीन. तुमच्या सोसायटीच्या सभेत येऊन मावशींना आणि सदस्यांना सांगायचे असेल, तर तेही करीन. कॉलेज साडेपाचला सुटते.

आपली,
जुळे सोलापुरातील एका गृहनिर्माण संस्थेची सभासद

ता. क. : आमच्या मावशींसाठी मी स्वतः हातमोजे आणले, तेव्हा मध्यम माप त्यांना घट्ट झाले आणि त्यांनी ते दोन दिवसांत काढून ठेवले. मोठे माप आणि आतून सुती अस्तर असलेले घ्या. त्यांच्या हातावरच्या भेगा मे महिन्यापर्यंत भरून आल्या होत्या.